मोकलबाईंचं ‘नाय’

विजया मोकल यांच्या टेबलाच्या खणाला कुलूप नव्हतं. रोह्याशेजारच्या अष्टमीतल्या त्यांच्या घराचं दारही दिवसभर नुसतं लोटलेलं असायचं. आणि आमच्या कंपनीत कुलपांचं सगळं काम याच बाईंकडे होतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “माझ्याकडे चोरण्यासारखं काय हाय? ज्यांच्याकडे हाय त्यांच्यासाठी कुलूप.”

कुलूप म्हणजे लोखंडी नव्हे. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. पेणला रामवाडीत, एका बंद पडलेल्या भातगिरणीच्या माडीवर, आम्ही अकरा जण ब्राउझर तयार करत होतो. मराठीत चालणारा, मराठीत बोलणारा ब्राउझर. तांबेसाहेब परदेशातली नोकरी सोडून गावी परतले होते आणि वडिलांच्या गिरणीत त्यांनी ही कंपनी काढली होती. आमची गिऱ्हाइकं म्हणजे पेण-रोह्यातल्या दोन-तीन पतपेढ्या, परदेशातून मागणी घेणारे गणपतीचे कारखाने, काही व्यापारी. इंटरनेट मुंबईला फोन लावून मिळायचं. मोडेम किरकिरायला लागला की सगळी माडी गप्प होऊन जोडणी लागायची वाट बघायची. मी खिडक्या आणि बटणं काढायचो. त्या खिडक्यांमधून जे जाईल ते वाटेत कुणी वाचू नये आणि पलीकडचा माणूस तोतया नसावा, हे बाई बघायच्या.

बाई उंच होत्या, सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, पायात पुरुषी सँडल. वडील खाडीकाठच्या गावात मिठागरावर कामाला होते. त्या मुंबईत गणितात एम.एस्सी. झाल्या, रोह्याच्या कॉलेजात शिकवू लागल्या आणि तिथून आमच्याकडे आल्या. रोज सकाळी अष्टमीहून पूल ओलांडून रोहा स्टँडवर यायच्या आणि एस.टी.ने पेणला. डब्यात बहुतेक वेळा सुकट. एका सहकाऱ्याने वासाबद्दल कुरकुर केली, तर बाईंनी दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठीही आणली. तो खायला लागला. कुरकुर संपली.

‘बहुतेक’ हा शब्द त्यांना चालायचा नाही. “बहुतेक सुरक्षित आहे” असं कुणी म्हटलं की त्या खडू उचलायच्या आणि माडीच्या हिरव्या दारावर, जे आमचा फळा होतं, लिहायच्या: ‘असुरक्षित’. दुसरी सवय म्हणजे “कोण म्हणतं?” असं विचारण्याची. बस सुटली. कोण म्हणतं? साहेब आज येणार नाहीत. कोण म्हणतं? पहिले काही आठवडे मला त्या भांडकुदळ वाटल्या. मग लक्षात आलं, की त्यांचं सगळं काम या दोन शब्दांवर उभं आहे. इंटरनेटवर कुणीही पाटी लावू शकतं, की मी अमुक पतपेढी. म्हणून पाटीसोबत एक दाखला असतो, आणि त्या दाखल्यावर दाखले देणाऱ्या कुणा कंपनीची सही. इंग्रजीत त्याला सर्टिफिकेट म्हणतात, बाई दाखलाच म्हणायच्या. कुणाकुणाची सही खरी मानायची, याची एक यादी ब्राउझरच्या पोटात असते. ही यादी म्हणजे ‘कोण म्हणतं?’चं उत्तर.

त्यांची आई एकदा ऑफिसात आली होती. नऊवारीतली म्हातारी, जिना चढून दमलेली. त्याच वेळी बाई आणि तांबेसाहेब यांचा कशावरून तरी जोरात वाद चालला होता. म्हातारीने दारातूनच हाक मारली, “विजे, हलू बोल गो, साहेब हाय तो तुझा!” मग आमच्याकडे वळून म्हणाली, “ही ल्हानपनापासनं अशीच. बांध फुटला तवा उधानाच्या पान्याला पन नाय म्हनत हुबी होती.” सगळे हसले. साहेबही हसले. बाई हसल्या नाहीत. “पाणी थांबलं होतं,” त्या म्हणाल्या.

पहिला मोठा वाद चाळीस बिटांवरून झाला. कुलूप लावायचा प्रोग्राम आम्ही परदेशातून विकत घेतला होता. त्या देशाचा तेव्हा नियम होता: आपल्या लोकांना मजबूत कुलूप, बाहेर विकायचं ते कमजोर. किल्लीची लांबी बिटांत मोजतात; बिट जितके जास्त, तितकी किल्ली शोधणं अवघड. मजबूत कुलपाची किल्ली एकशेअठ्ठावीस बिटांची, बाहेरच्यांसाठी चाळीस. साहेबांना त्यात वावगं वाटत नव्हतं. साऱ्या जगाने तेच घेतलं आहे, आपणच वेगळे का, असं त्यांचं म्हणणं.

“जगानं घेतलं नाही,” बाई म्हणाल्या, “जगाला दिलं. ज्यांनी दिलं ते स्वतः वापरत नाहीत.”

“पण चाळीस बिटांच्या किल्ल्या किती होतात माहीत आहे ना? मोजता मोजता जन्म जाईल.”

“माझा जाईल. मशीनचा नाय जाणार. तुम्ही काहीतरी लिहा, ह्या कुलपात घाला आणि मला द्या. किल्ली तुमच्यापाशी ठेवा.”

मे महिन्याची सुट्टी लागली होती. रोह्याच्या कॉलेजची संगणकांची खोली रिकामी होती आणि प्राचार्य बाईंना ओळखत होते. बाईंनी तिथल्या सगळ्या मशीन एका कामाला लावल्या: एकेक किल्ली लावून बघायची. वीज जायची, मशीन बंद पडायच्या, बाई पुन्हा चालू करायच्या. उकाड्यात त्या खोलीत, परीक्षेत पहारा करावा तशा, त्या मशीनमधून फेऱ्या मारायच्या. साहेबांच्या पत्राची पहिली ओळ कंपनीच्या ठरलेल्या मायन्याची होती. किल्ली बरोबर लागली की ती ओळ दिसणार, एवढा धागा त्यांना पुरेसा होता.

सुट्टी संपायच्या आत एक दिवस बाई माडीवर आल्या आणि चहाच्या वेळी उभं राहून त्यांनी कागद वाचला. साहेबांनी कुलपात लिहिलं होतं, ‘मोकलबाईंना हे वाचता येणार नाही.’

कुणी हसायची हिंमत केली नाही. साहेबच आधी हसले. मग म्हणाले, “बरं. करा तुमचं कुलूप.” बाईंनी छापील पुस्तकांतून, जगभरच्या गणितज्ञांनी उघडपणे मांडलेलं गणित घेऊन मजबूत कुलूप लिहिलं. ते बरोबर झालं आहे की नाही, हे तपासायला त्यांनी आम्हा सगळ्यांना ते फोडायला लावलं. जो फोडेल त्याला पापलेट, असं जाहीर केलं. पापलेट कुणालाच मिळालं नाही.

दुसरा वाद माझ्या खिडकीवरून झाला. दाखल्यात गडबड असेल तेव्हा ब्राउझरने एक पाटी दाखवायची. मी ती परदेशी ब्राउझरांसारखीच काढली होती. खूप मजकूर, आणि खाली विचारलेलं, ‘पुढे जायचं का?’ दोन बटणं: हो, नाही. बाई म्हणाल्या, चल, लोकांना दाखवू. आम्ही एक मशीन रिक्षात घालून पेणमधल्या एका गणपतीच्या कारखान्यात नेली. तिथे मूर्तींच्या रांगांमागे, टेबलाशी हिराकाकू बसायच्या. मालकाच्या भावजय, परदेशच्या मागणीचं सगळं त्याच बघायच्या. बाईंनी मुद्दाम खोट्या दाखल्याचं पान उघडायला लावलं आणि माझी पाटी समोर आली. काकूंनी क्षणभरही न थांबता ‘हो’ दाबलं.

“काकू, काय लिहिलंय ते वाचलंत?”

“कशाला? हो दाबलं की ती पाटी जाते. नाय दाबलं तर काम जातं.”

माडीवर आल्यावर मला म्हणाल्या, “सुधीर, ‘हो’चं बटण काढून टाक.”

मी साहेबांकडे बघितलं. साहेब खुर्चीवरून उठले. “मोकलबाई, गिऱ्हाइकाला आपण अडवायचं? तो दुसरा ब्राउझर घेईल.”

“घेऊ दे. आपण आता त्याला प्रश्न विचारतो, ज्याचं उत्तर त्याला ठाऊक नाय, आणि मग फसला की म्हणतो, तूच हो म्हणालास. ही काय रीत झाली?”

नवा मजकूर बाईंनीच लिहिला. ‘हे पान ज्यांचं म्हणून सांगतं त्यांचंच आहे, याची मला खात्री नाही. मी पुढे नेणार नाही. त्यांना फोन करून विचारा.’ खाली एकच बटण: मागे जा. त्या दिवसांत तसं कुणीच करत नव्हतं.

यात त्या चुकल्याही. रोह्याच्या पतपेढीच्या, जवळच्या वरसे गावातल्या शाखेत एका सकाळी काहीच उघडेना. प्रत्येक पानावर तीच पाटी. बाई धावत गेल्या, तर मशीनच्या घड्याळाचा सेल संपलेला, तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली. त्यामुळे प्रत्येक दाखला अजून जन्मालाच आला नाही, असं मशीनला वाटत होतं. पतपेढीचं अर्ध्या दिवसाचं काम बुडालं होतं. बाईंनी मॅनेजरची माफी मागितली, सेल स्वतः आणून बसवला आणि परत येऊन पाटीवर आणखी एक ओळ घातली: ‘आधी मशीनची तारीख बघा.’ साहेबांना वाटलं, आता ‘हो’चं बटण परत येईल. आलं नाही.

मग देसाई आले. मुंबईतल्या एका नव्या कंपनीचे मोठे अधिकारी. त्यांच्या कंपनीचा धंदा दाखले देण्याचा. आमच्या कंपनीत ते मोठी रक्कम घालायला तयार होते आणि आम्हाला तिची गरज होती. माडीवरच्या अकरा जणांच्या घरांचा प्रश्न होता. अट एकच: ब्राउझरच्या यादीत त्यांचं नाव असावं. म्हणजे त्यांनी सही केलेला कुठलाही दाखला आमचा ब्राउझर मुकाट्याने खरा मानणार.

बाई म्हणाल्या, “आधी ते दाखला कसा देतात ते बघू.” साहेब म्हणाले, बघा. त्यांना वाटलं, बाई देसाईंना प्रश्न विचारतील. बाईंनी तसं केलं नाही. पेणच्या बाजारातल्या एका छापखान्यात त्यांनी आमच्याच कंपनीच्या नावाचं, पण पत्ता अष्टमीचा घातलेलं लेटरहेड छापून घेतलं. त्यावर अर्ज लिहिला, खाली स्वतःची सही, आणि अष्टमीतल्या एका दुकानातून फॅक्स केला. देसाईंच्या लोकांनी साहेबांना एकदाही फोन केला नाही. आमच्या कंपनीच्या नावाचा, देसाईंच्या कंपनीने सही केलेला दाखला, बाईंच्या नुसत्या लोटलेल्या दारातून घरी आला.

देसाईंबरोबरच्या बैठकीत बाईंनी तो मशीनवर उघडून दाखवला. “तांबेसाहेब, आजपासून मी तुम्ही आहे. हे म्हणतात.”

देसाईंचा चेहरा उतरला, पण माणूस मुरलेला होता. “एखादी चूक होते मॅडम. आम्ही पद्धत सुधारतोय.”

“सुधारा. मग या.”

“धंद्यात विश्वास दोन्ही बाजूंनी ठेवावा लागतो.”

“धंद्यात ठेवा. ह्या यादीत नाय. ही यादी हिराकाकूंची हाय. त्यांना ती दिसत पन नाय, अन् तिच्यावर त्या सगळं सोपवून बसल्यात.”

रागावल्या की बाईंची भाषा खाडीकडे वळायची. देसाई उठून गेले. साहेब वाईट माणूस नव्हते. पण त्यांनी ठरवलं होतं. दोन दिवसांनी बाईंना बोलावून म्हणाले, “नाव घाला. ते सुधारतील. न घालता आपण इथे बसूच शकणार नाही.”

नवी आवृत्ती बाहेर जाताना तिच्यावर कंपनीची डिजिटल सही व्हायची. त्या सहीची किल्ली एका फ्लॉपीत होती आणि फ्लॉपी बाईंच्या त्या उघड्या खणात. बाई आपल्या टेबलाशी गेल्या, फ्लॉपी काढली आणि साहेबांसमोर ठेवली. आम्ही सगळे बघत होतो.

“किल्ली कंपनीची हाय, ही घ्या. हात माझा हाय. तो ह्या कामाला मिळणार नाय.”

“म्हणजे तुम्ही राजीनामा देताय?”

“देते. आणि एक आत्ताच सांगून ठेवते, मागनं कळायला नको. मी आपल्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडे जाणार आणि हे नाव यादीतून कसं काढायचं ते शिकवणार.”

साहेबांचा आवाज चढला. “हे कायद्यात बसत नाही, मोकलबाई!”

“यादी बघायची खिडकी ब्राउझरमध्ये हाय. ती सुधीरनं काढली, तुम्ही मान्य केली. ज्याची मशीन त्यानं ती उघडली, तर कुठला कायदा मोडतो?”

बाईंनी पर्स उचलली, डबा उचलला आणि जिना उतरून गेल्या. सही साहेबांनी स्वतः केली. आमच्यापैकी कुणालाही करायला सांगितली नाही.

बाई खरोखर फिरल्या. एस.टी.ने, पायी, कधी कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसून. हिराकाकूंनी लगेच नाव काढलं आणि त्यांना चहा पाजला. एका व्यापाऱ्याने, मला यातलं कळत नाही, म्हणत हात जोडले. रोह्याला पतपेढीच्या मुख्य शाखेतल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, “तुम्ही आता कंपनीत नाही ना? मग तुमचं का ऐकायचं?” बाई म्हणाल्या, “माझं ऐकू नका. हा दाखला बघा.” त्यांनी बघितला नाही. बाई बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या, चेअरमन येईपर्यंत. चेअरमननीही बघितला नाही. तिथून त्या सरळ वरसेच्या शाखेत गेल्या, जिथे एकदा त्यांनी माफी मागितली होती. तिथे योगिता ठाकूर नावाच्या एक कारकून होत्या, मशीनवर त्याच बसायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन शंका विचारल्या आणि आपल्या मशीनवरून ते नाव काढून टाकलं.

काही महिन्यांनी पतपेढीच्या सगळ्या शाखांना ई-मेल आली: मुख्य शाखेचा इंटरनेटवरचा पत्ता बदलला आहे, यापुढे इथून आत या. वरसेला योगितांनी तो पत्ता उघडला, तर बाईंची पाटी समोर आली. मॅनेजर मागेच उभे होते. पुढे काय झालं, ते मॅनेजरनीच नंतर आम्हाला सांगितलं.

“अहो, आपलीच पतपेढी हाय ती. नाव दिसत नाय?” ते म्हणाले होते.

“नाव दिसतंय साहेब. पण हे पुढं नेत नाय. हो म्हणायला बटणच नाय.”

“मग दुसऱ्या ब्राउझरवर लावा.”

“तुम्ही लावा. मी नाय लावणार. पाटी सांगते फोन करा, तर फोन करू.”

मॅनेजरनी चिडून फोन लावला. मुख्य शाखेने सांगितलं, आम्ही कसलाही पत्ता बदललेला नाही. ते पान कुणा तोतयाचं होतं आणि त्याच्यावरचा दाखला देसाईंच्या कंपनीने दिलेला. दुसऱ्या एका शाखेत ते पान बिनबोभाट उघडलं होतं, सुरक्षित असल्याची खूण म्हणून बंद कुलपाचं चित्रही दिसत होतं, आणि तिथल्या माणसाने पासवर्ड टाकून दिला होता. वरसेहून फोन वेळेवर गेला, सगळे पासवर्ड बदलले गेले, म्हणून निभावलं.

तांबेसाहेब स्वतः वरसेला गेले, मला बरोबर घेऊन. त्यांनी पाटी बघितली, दाखल्यावरची सही बघितली. नंतर गाडी अष्टमीकडे घेतली. बाई ओटीवर बोंबील निवडत बसल्या होत्या. उठल्या नाहीत.

“चुकलो,” साहेब म्हणाले. “नाव काढलंय. देसाईंना कळवलं. त्यांची रक्कम गेली. तुम्ही परत या.”

“मी परत आले आणि पुढच्या वेळी पुन्हा तुम्हाला गरज पडली, तर?”

“नाही पडणार.”

“पडेल,” बाई म्हणाल्या. “गरज पडतेच. मी येते, पण नियम करा. यादीत नाव घालायचं तर माडीवरच्या सगळ्यांना विचारायचं. एकानं जरी नाय म्हटलं, तरी नाव घालायचं नाय. तो एक शिपाई असला तरी. आणि योगिता ठाकूरला कामावर घ्या.”

साहेब ओटीच्या पायरीवर बसले. “बरं,” म्हणाले.

तो ब्राउझर आता कुठेही नाही. मोठ्या कंपन्यांचे ब्राउझर फुकट मिळू लागले आणि आमची माडी रिकामी झाली. पण मी त्याआधीच पुण्याला नोकरी धरली होती. माझ्या शेवटच्या दिवशी माडीवर बैठक होती. दाखले देणाऱ्या एका नव्या संस्थेचं नाव यादीत घालायचं होतं आणि या वेळी ते नाव स्वतः बाईंनी आणलं होतं. त्यांनी संस्था तपासली होती, माणसांना भेटून आल्या होत्या, त्यांचं समाधान झालं होतं. साहेब हो म्हणाले. बाकीचे हो म्हणाले. मीही हो म्हणालो.

योगिता म्हणाल्या, “नाय.”

बाईंचा चेहरा रागाने लाल झाला. “मी तपासलंय म्हणते ना!”

“तुम्ही तपासलंय. मला नाय पटलं.”

साहेब खाली बघत हसू दाबत होते. मला एस.टी. गाठायची होती, म्हणून मी बॅग उचलून दारापाशी आलो आणि वळून बघितलं. बाईंनी संस्थेचे कागद बाजूला सारले होते, एक खुर्ची ओढून योगितांच्या अगदी समोर बसल्या होत्या, आणि वर्गातल्या मुलीसारख्या पुढे वाकून म्हणत होत्या, “सांग. का नाय?”